विश्लेषण : पाठीवर ‘फेक’ लिहिलेला जर्मन बिल्ला अस्सल कसा ठरतो?

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकी बिल्ल्यांच्या ऑनलाइन लिलावात एक गोष्ट लगेच लक्षात येते. विक्रेता बिल्ल्याच्या पुढच्या बाजूचा एखादाच फोटो देतो आणि पाठीचे चार-पाच. पिन, बिजागरी, आकडा, मधला काळा पत्रा, उठावाची अक्षरे या सगळ्याचे अगदी जवळून काढलेले फोटो असतात. बिल्ला खरा की नकली याचा निकाल बहुतेक वेळा या पाठीवरच लागतो आणि तो लाखो रुपयांचा फरक पाडू शकतो. ‘नाहकाम्फश्पांगे’ म्हणजेच निकट लढाईचा बिल्ला हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. एकाच आराखड्यावर बनलेल्या या बिल्ल्याचे इतके वेगवेगळे नमुने का सापडतात, त्यांवरून काय कळते आणि काय कळत नाही, याविषयी…

हा बिल्ला कशासाठी दिला जात असे?

हिटलरच्या राजवटीने २५ नोव्हेंबर १९४२ रोजी हा बिल्ला सुरू केला. चिलखती वाहनांच्या आधाराशिवाय, हाती असलेल्या शस्त्रानिशी शत्रूला समोरासमोर भिडलेल्या सैनिकांसाठी तो होता. शत्रूच्या डोळ्यांतील पांढरे दिसेल इतक्या अंतरावरची लढाई, असे त्याचे वर्णन केले जात असे. अशा लढाईचे १५ दिवस भरले की ब्राँझ, ३० दिवसांना रौप्य आणि ५० दिवसांना सुवर्ण श्रेणी. गंभीर जखमी होऊन पुन्हा लढू न शकलेल्यांसाठी ही अट अनुक्रमे १०, २० आणि ४० दिवसांवर आणली होती. पूर्व आघाडीवर आधीच सलग सेवा केलेल्यांना काही दिवस मागील खात्यावरही मिळाले : आठ महिन्यांच्या सेवेला पाच दिवस, वर्षाला दहा, पंधरा महिन्यांना पंधरा.

संदर्भग्रंथांत साधारणपणे दिले जाणारे आकडे पाहिले तर ब्राँझ श्रेणी सुमारे ३६,४०० जणांना, रौप्य सुमारे ९,५०० जणांना आणि सुवर्ण अवघ्या ६३१ जणांना मिळाली. कोट्यवधींच्या सैन्यातील हे ६३१. नकला करणाऱ्यांचे लक्ष कशावर असते, हे वेगळे सांगायला नको.

ज्या पूर्व आघाडीवर हे दिवस मोजले गेले, तिथे जर्मनांच्या कैदेत सुमारे ३० लाख सोव्हिएत युद्धकैदी मरण पावले. नागरिकांची गणती निराळीच. बिल्ल्यावर त्याची नोंद नाही. संग्राहकांच्या बोलण्यात शौर्याचा उल्लेख जितका येतो, तितका या मृत्यूंचा येत नाही.

एकाच आराखड्याचे इतके नमुने कसे?

बिल्ला सुमारे ९७ मिलिमीटर लांब आणि २६ मिलिमीटर उंच. मध्ये गरुड आणि हाकेनक्रॉइत्स (नाझींचे आकडेदार चिन्ह, मराठी घरांच्या उंबऱ्यावरील स्वस्तिकाशी आकाराचे साम्य असले तरी परंपरेचा संबंध नाही), त्याखाली एकमेकांना छेदणारी संगीन आणि दांड्याचा हातबॉम्ब, दोन्ही बाजूंना किरणे आणि ओकची पाने. आराखडा बर्लिनच्या विल्हेल्म एर्न्स्ट पीकहाउस यांचा. मात्र तो प्रत्यक्षात उतरवला अनेक कारखान्यांनी, आणि प्रत्येकाने आपापला साचा तयार केला. एकच रांगोळी चार हातांनी काढली की चार प्रकारची दिसते, तसेच हे. पानाच्या शिरा, गरुडाच्या पंखांची पिसे, किरणांची टोके, संगिनीच्या मुठीवरील रेषा या प्रत्येकात साचा कोरणाऱ्याचा हात दिसतो.

हे कारखाने कुठले, हे पाहण्यासारखे आहे. अनेक निर्माते वेस्टफालियातील ल्युडेनशाइडचे. हे गाव बटणे आणि धातूच्या किरकोळ वस्तूंसाठी प्रसिद्ध होते. काही निर्माते गाब्लोन्झचे. गाब्लोन्झ म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स, काचेचे मणी आणि नकली दागिन्यांचे शहर. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतात येणाऱ्या काचेच्या बांगड्यांत याच बोहेमिया प्रांताचा मोठा वाटा होता. म्हणजे पदके घडवणारे हात मुळात बटणे आणि दागिने घडवणारे होते. लहान वस्तू मोठ्या संख्येने, स्वस्तात आणि झटपट काढणे हा त्यांचा धंदा. बिल्ल्यांतील बहुतेक फरकांचे मूळ या घाईत आणि काटकसरीत आहे.

आणि तो ‘फेक’? पीकहाउस यांचे नाव असलेल्या अनेक बिल्ल्यांच्या पाठीवर त्या नावाआधी ‘फेक.’ अशी उठावाची अक्षरे असतात. लॅटिनमधील ‘फेकित’ (बनविले) या शब्दाचे हे लघुरूप आहे. चित्रकार आणि शिल्पकार आपल्या कामावर सही करताना ते जुन्या काळापासून वापरत आले आहेत. दुसऱ्या बाजूला ‘आउस्फ.’ म्हणजे प्रत्यक्ष निर्माता आणि पुढे त्याची आद्याक्षरे. ‘एफएलएल’ म्हणजे ल्युडेनशाइडचा फ्रीडरिश लिंडेन, ‘ए.जी.एम.यू.के.’ म्हणजे गाब्लोन्झमधील धातू आणि प्लास्टिक कारखान्यांचा संघ. ‘जेएफएस’ म्हणजे गाब्लोन्झचेच योझेफ फाइक्स आणि पुत्र. गाब्लोन्झमधील जर्मनभाषकांना युद्धानंतर हाकलून देण्यात आले आणि त्यांतील अनेकांनी बव्हेरियात नॉयगाब्लोन्झ वसवले. त्यामुळे गाब्लोन्झचे नाव काळाची एक मर्यादा घालून देते. अर्थात नव्या साच्यात जुने नाव कोरायला कोणाची आडकाठी नसते, हेही खरे.

साच्यातील चूक पुरावा कशी होते?

हे बिल्ले प्रामुख्याने जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. तांबे आणि पितळ तोफगोळ्यांच्या काडतुसांसाठी लागत असल्याने युद्धाच्या उत्तरार्धात पदकांच्या वाट्याला जस्त आले. वितळलेले जस्त पोलादी साच्यात दाबाने भरायचे, थंड झाले की बाहेर काढायचे, कडेला आलेला जादा धातू कानशीने घासायचा आणि मग मुलामा द्यायचा, अशी ही पद्धत.

साच्यात काही खोट असेल तर ती त्यातून निघणाऱ्या प्रत्येक बिल्ल्यावर उमटते. कोरताना निसटलेल्या हत्याराचा बारीक ओरखडा साच्यात खोल असतो, बिल्ल्यावर तो उंचवट्यासारखा येतो. साच्याला तडा गेला की बिल्ल्यावर केसासारखी उंच रेषा दिसू लागते. साचा जसा वापरला जाईल तशी ती रेषा लांबते, रुंदावते. म्हणून अभ्यासक एकाच साच्याचे बिल्ले ओळीने मांडतात : आधी रेषा नसलेले, मग पुसट रेषेचे, मग ठसठशीत रेषेचे. कोणता बिल्ला आधी निघाला आणि कोणता नंतर, हे त्यावरून सांगता येते.

येथे एक साधा नियम लागू पडतो. उंचवटा असेल तर तो साच्याचा, खोल ओरखडा असेल तर तो त्या एका बिल्ल्याचा. खोल ओरखडा घासताना, वापरताना किंवा पडल्याने आलेला असू शकतो. नवखे संग्राहक या दोहोंत गल्लत करतात आणि खिशात किल्ल्यांबरोबर घासून आलेल्या रेघेला ‘दुर्मीळ प्रकार’ समजतात.

याच तर्काने मोठे वादही झाले आहेत. लोखंडी क्रॉसच्या ‘रिटरक्रॉइत्स’ या वरच्या श्रेणीच्या बाबतीत ल्युडेनशाइडच्या श्टाइनहाउअर अँड ल्युक या निर्मात्याच्या साच्यातील, चौकटीच्या मण्यांवर उमटलेले दोष वर्षानुवर्षे चर्चिले गेले. दोष असलेले क्रॉस मे १९४५ पूर्वीचे की जुन्याच साच्यातून नंतर काढलेले, हा प्रश्न होता. साचा अस्सल असला तरी त्यातून निघालेली वस्तू युद्धकाळातील असेलच असे नाही, हे त्या वादाने संग्राहकांच्या ध्यानात आणून दिले.

पत्रा, पिन आणि मुलाम्यावरून काय कळते?

बिल्ल्याचे मधले चित्र आरपार कापलेले असते आणि त्यामागे काळा केलेला चौकोनी पोलादी पत्रा बसवलेला असतो. तो कोणत्या खुंट्यांनी धरला आहे, त्या कशा चेपल्या आहेत, कोपऱ्यांवर की कडांवर, हे निर्मात्यागणिक बदलते. पत्र्याला लोहचुंबक चिकटते, जस्ताच्या पंखांना चिकटत नाही. ही पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी. मात्र नकला करणाऱ्यांनाही ती ठाऊक आहे, त्यामुळे ती अनुत्तीर्ण झाली तर उपयोगाची, उत्तीर्ण झाली तर फारशी नाही.

पिन गोल, चपटी की मध्ये पन्हाळीची. बिजागरी ओतकामातच आलेली की नंतर बसवलेली. आकडा तारेचा की पत्र्याचा. हे तपशील एकमेकांशी जुळावे लागतात. अमुक साच्याबरोबर अमुकच पिन येते, असे संयोग अभ्यासकांनी नोंदवले आहेत. पण पिन हा भाग तुटतो आणि दुरुस्तही होतो. पिन बदललेला बिल्ला म्हणून लगेच नकली ठरवणे घाईचे. बिजागरीभोवती ताजे डाखकाम, घासलेला मुलामा किंवा वेगळ्याच रंगाचा गंज आहे का, हे पाहावे लागते.

खरी मेख मुलाम्यात आहे. तिन्ही श्रेणींचे बिल्ले त्याच साच्यांतून निघत, फरक फक्त शेवटच्या थराचा. म्हणजे साच्यावरून निर्माता कळतो, श्रेणी कळत नाही. त्यातच जस्तावर मुलामा टिकत नाही. काही वर्षांत तो जस्तात मुरल्यासारखा फिका होतो आणि बिल्ला राखाडी दिसू लागतो. आज हाती येणाऱ्या अनेक अस्सल बिल्ल्यांवर मूळ रंग फक्त पानांच्या खाचांत आणि पत्र्याच्या आडोशाला उरलेला असतो. त्यामुळे फसवणुकीचा सोपा मार्ग म्हणजे साधा, अस्सल ब्राँझ बिल्ला घेऊन त्याला सोनेरी करणे. साचा खरा, पिन खरी, पत्रा खरा. खोटा असतो तो केवळ रंग. साच्याच्या सगळ्या चाचण्या असा बिल्ला सहज पार करतो. त्याला पकडायचे तर भिंगाखाली खाचांमध्ये पाहायचे, सोनेरी थर मळावर चढला आहे की मळ सोनेरी थरावर.

जस्तात शिसे किंवा कथिल अशी अशुद्धता असेल तर धातू आतून पोखरला जातो, पृष्ठभागाला फोड येतात. असे फोड अस्सलपणाची खूण मानण्याची पद्धत आहे, पण अशुद्ध जस्त कालही होते आणि आजही आहे. धातूची क्ष-किरण तपासणी हाही रामबाण उपाय नाही. अॅल्युमिनियमयुक्त जस्ताचा ‘झमॅक’ हा मिश्रधातू अमेरिकेत १९२९ मध्येच विकसित झाला होता आणि तशाच प्रकारचे मिश्रधातू युद्धकाळातही वापरात होते. युद्धकाळात न शोभणारे काही आढळले तर बिल्ला बाद करता येतो, जुळले म्हणून खरा ठरवता येत नाही.

नकला करणारे कुठे अडकतात?

सोपी नक्कल म्हणजे अस्सल बिल्ल्यावरून रबराचा साचा काढून त्यात धातू ओतणे. तिथे भौतिकशास्त्र आड येते. जस्ताचा मिश्रधातू थंड होताना साधारण अर्धा-पाऊण टक्का आकसतो. ९७ मिलिमीटरच्या वस्तूत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो. साध्या पट्टीवर तो निसटेल, पण व्हर्नियर कॅलिपर चुकत नाही. शिवाय अशा ओतकामात पानांच्या कडा बोथट होतात, अक्षरांच्या पोटात हवेचे बुडबुडे राहतात आणि मूळ बिल्ल्यावरचे त्याचे स्वतःचे ओरखडेही नकलेत उतरतात. दोन ‘वेगवेगळ्या’ बिल्ल्यांवर एकाच जागी एकच खोल ओरखडा दिसला, की त्यांतील किमान एक नकली समजावा.

नवा पोलादी साचा कोरून केलेली नक्कल अधिक घातक. तिच्यावर आकुंचन नाही, बुडबुडे नाहीत. ती पकडली जाते ती केवळ कोणत्याच ज्ञात साच्याशी जुळत नाही म्हणून. आणि येथेच विक्रेत्याचे हुकमी वाक्य येते : हा आजवर न नोंदलेला प्रकार आहे. युद्धाच्या धामधुमीत कारखाने काहीही करत होते, असे म्हटले की कोणतीही विसंगती खपून जाते. त्याला तोड एकच. तसाच प्रकार, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी, बाजारात नकला येण्यापूर्वीच्या काळापासून जपलेला सापडला पाहिजे : सैनिकाच्या कुटुंबाकडे, युद्धात जिंकलेली आठवण म्हणून घरी नेलेल्या अमेरिकी सैनिकाच्या पेटीत, जुन्या संग्रहालयाच्या नोंदीत. तसे नसेल, तर तो प्रकार आहे असे मानण्याला आधार नाही.

तुलनेचा नमुनाच खोटा असेल तर?

या साऱ्या पद्धतीचा पाया तुलना हा आहे आणि तुलना जितकी काटेकोर, तितका तिचा नमुना स्वच्छ असावा लागतो. एप्रिल १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीतील ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा हे जगाने पाहिले. हस्ताक्षर तज्ज्ञांनी अक्षर हिटलरचे असल्याचा निर्वाळा दिला होता. पण तुलनेसाठी त्यांना दिलेल्या कागदांतील काही त्याच बनावटकाराने, कोनराड कुयाऊने, तयार केलेले होते. खोट्याची खोट्याशी तुलना झाली आणि ती अर्थातच जुळली. कुयाऊ नाझीकालीन वस्तूंचाच व्यापारी होता. शेवटी संघीय अभिलेखागाराच्या तपासणीत कागदात युद्धानंतर वापरात आलेली पांढरेपणा आणणारी द्रव्ये सापडली आणि बिंग फुटले.

बिल्ल्यांच्या बाजारात ही शक्यता रोजची आहे. एखाद्या नकली बिल्ल्याचा फोटो एका पुस्तकात छापला गेला, की पुढची वीस वर्षे त्याच फोटोशी जुळणारे बिल्ले ‘पुस्तकात आहे’ म्हणून विकले जातात. आता फोनवरून कोणीही हजारो फोटो चाळू शकतो, पण त्यातील प्रत्येक बिल्ला कुठून आला हे फोटो सांगत नाही. किती फोटोंशी जुळला यापेक्षा कोणत्या फोटोशी जुळला, हे महत्त्वाचे.

आणि साचा निश्चित झाला तरी त्यावरून मालक कळत नाही. बिल्ल्यांवर सैनिकाचे नाव नसे. पदके दुकानांतून खासगीरीत्या घेण्याचीही सोय होती आणि १९४१ मध्ये स्थापन झालेल्या पदक उत्पादकांच्या संघामार्फत हा व्यापार नियमित केला गेला. त्यामुळे एकाच सैनिकाकडे दिलेला आणि विकत घेतलेला असे दोन अस्सल बिल्ले असू शकत. बिल्ला कोणाला मिळाला हे सांगणारी कागदपत्रे वेगळी : प्रदानपत्र आणि सैनिकाचे वेतनपुस्तक, ज्यात निकट लढाईचे दिवस तारीखवार नोंदले जात. तेही बनावट असू शकतात. अतिनील प्रकाशात निळसर चमकणारा कागद पाहिला की संशय घ्यावा, कारण ती चमक देणारी द्रव्ये कागदात सर्रास आली ती युद्धानंतर.

भारताशी संबंध काय?

या बाजाराचा एक धागा भारतापर्यंत येतो. नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीत असताना १९४२ मध्ये आझाद हिंदची पदके सुरू झाली. ‘शेर-ए-हिंद’, ‘सरदार-ए-जंग’, ‘वीर-ए-हिंद’ अशा नावांची ही पदके व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुवाल या निर्मात्याने बनवली. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या, सुमारे तीन हजार जणांच्या भारतीय सैन्यदलातील सैनिकांना ती मिळाली, काही जर्मनांनाही मिळाली. सुवालचा कारखाना युद्धानंतरही सुरू राहिला आणि संग्राहकांसाठी जुन्या पदकांच्या नव्या प्रती तिथून निघत राहिल्या. त्यामुळे आझाद हिंदचे पदक भारतात विक्रीला आले, तर तेच प्रश्न विचारावे लागतात : साचा सुवालचा आहे हे ठीक, पण वस्तू १९४३ ची की १९६३ ची? धातूचा दर्जा, पिन आणि मुलामा येथेही तेवढेच बोलतात. आपल्याकडे भावनेची भर पडते, हा अधिकचा धोका.

विक्रीवर बंदी आहे का?

पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ च्या कायद्याने युद्धकाळातील पदके नाझी चिन्हाशिवाय वापरण्यास परवानगी दिली. त्यासाठी काढलेले चिन्हविरहित बिल्ले वेगळे ओळखता येतात आणि ते नकली नाहीत, ती निराळी, कायदेशीर आवृत्ती आहे. मूळ चिन्हासह वस्तू बाळगणे जर्मनीत गुन्हा नाही. मात्र दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार ते चिन्ह सार्वजनिकपणे दाखवण्यावर बंदी आहे, संशोधन, शिक्षण, कला अशा कारणांचा अपवाद वगळता. फ्रान्समध्ये नाझी वस्तूंच्या लिलावावरून याहू कंपनीविरुद्ध खटला झाला. नोव्हेंबर २००० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने फ्रान्समधील ग्राहकांना त्या दिसू नयेत असा आदेश दिला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीस कंपनीने अशा वस्तूंची विक्रीच बंद केली.

जर्मनीतील लिलावगृहे याचे पालन म्हणून फोटोतील मधले चिन्ह चिकटपट्टीने किंवा काळ्या चौकोनाने झाकतात. कायद्याला ते पुरेसे असते. पण निकट लढाईच्या बिल्ल्यात गरुडाची पिसे, संगिनीची मूठ आणि मागचा पत्रा हे साचा ओळखण्याचे तपशील त्याच चिन्हाभोवती असतात. फोटोत ते झाकले गेले की खरेदीदाराला पाठीच्या फोटोंवर भिस्त ठेवावी लागते, किंवा लिलावापूर्वीच्या पाहणीच्या दिवशी भिंग आणि कॅलिपर घेऊन प्रत्यक्ष जावे लागते.